ब्रिटनमध्ये ट्रान्सपोर्ट मॅनेजर व्हायचं असेल तर

कळंबोलीच्या स्टील मार्केटात किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत कुठल्याही ऑफिसात जा, एक माणूस हमखास भेटतो. गाडी लावणं, बिल्टी करणं, ड्रायव्हरच्या हातात डिझेल आणि भत्त्याचे पैसे ठेवणं, इन्शुरन्स-पासिंगच्या तारखा लक्षात ठेवणं, सगळं तोच करतो. कुणी त्याला मुनीम म्हणतं, कुणी सुपरवायझर, कुणी नुसतंच 'ऑफिसातले भाऊ'. परमिट मालकाच्या नावावर असतं आणि लायसन्स ड्रायव्हरचं. मधल्या या माणसाचं नाव मात्र कायद्यात कुठेच नसतं.

ब्रिटनच्या कायद्यात नेमकं त्याचंच नाव लागतं. दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा असेल तर कंपनीला परीक्षा पास झालेला, सरकारदरबारी नोंदवलेला ट्रान्सपोर्ट मॅनेजर दाखवावाच लागतो. तो नसेल तर लायसन्स मिळत नाही. गाड्यांची देखभाल ढासळली, ड्रायव्हर झोप न घेता गाडी हाकत राहिले, तर मालकाइतकीच त्यालाही विचारणा होते. मी इथे मिडलंड्समध्ये हेच काम करतो. भारतात लॉजिस्टिक्समध्ये दहा-पंधरा वर्षं काढलेले, जोडीदाराच्या नोकरीमुळे इथे आलेले आपले लोक मला नेहमी विचारतात की या कामात शिरायचं कसं. त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स इथल्या मालवाहतुकीपुरतं ते लागू आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, आणि बस-कोचसाठी प्रमाणपत्रही वेगळं असतं.

पहिली पायरी: लायसन्स कुठलं ते ओळखा

साडेतीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाची मालगाडी धंद्यासाठी वापरायची तर ऑपरेटर लायसन्स लागतं. बोलताना सगळे त्याला 'ओ-लायसन्स' म्हणतात. १९९५ च्या कायद्यानुसार ते ट्रॅफिक कमिशनर देतात. नाव ऐकून वाहतूक पोलीस डोळ्यांसमोर येतील, पण तसं नाही. हे स्वतंत्रपणे निर्णय देणारे अधिकारी असतात. देशाचे आठ विभाग पाडलेले आहेत, आणि लायसन्स देणं, कमी करणं, थांबवणं किंवा कायमचं काढून घेणं हे सगळं त्यांच्या हातात असतं. रस्त्यावर गाड्या तपासणारी संस्था वेगळी, तिला डीव्हीएसए म्हणतात. ती शोधते आणि कमिशनर निवाडा करतात.

लायसन्सचे तीन प्रकार आहेत. फक्त स्वतःचाच माल वाहायचा असेल तर 'रिस्ट्रिक्टेड'. दुसऱ्याचा माल पैसे घेऊन देशात वाहायचा तर 'स्टँडर्ड नॅशनल'. देशाबाहेर न्यायचा तर 'स्टँडर्ड इंटरनॅशनल'. समजा, स्लाउमध्ये कुणाचा केटरिंगचा धंदा आहे आणि साडेसात टनी गाडीतून तो स्वतःचीच भांडीकुंडी आणि जेवण लग्नांच्या हॉलवर पोचवतो. त्याला रिस्ट्रिक्टेड पुरतं आणि ट्रान्सपोर्ट मॅनेजर लागत नाही. पण रिकाम्या दिवशी त्याच गाडीतून त्याने शेजारच्या दुकानदाराचा माल भाड्याने नेला, तर ती बेकायदा वाहतूक झाली. आपल्या लोकांकडून ही चूक फार होते, कारण आपल्याकडे गाडी रिकामी उभी ठेवणं पाप मानतात.

२१ मे २०२२ पासून एक भर पडली आहे. अडीच टनांपेक्षा जास्त वजनाच्या व्हॅनने युरोपीय संघात भाड्याने माल न्यायचा असेल तर तिलाही स्टँडर्ड इंटरनॅशनल लागतं. म्हणजे मोठे ट्रक नसलेल्या छोट्या कुरिअरवाल्यांनाही आता आपल्यासारखा माणूस हवा असतो.

दुसरी पायरी: सीपीसीची परीक्षा

सीपीसी म्हणजे सर्टिफिकेट ऑफ प्रोफेशनल कॉम्पिटन्स. पण इथे दोन सीपीसी आहेत आणि नवे लोक त्यांची हमखास गल्लत करतात. ड्रायव्हर सीपीसी चालकांसाठी असते. दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घेऊन ती चालू ठेवावी लागते. ट्रान्सपोर्ट मॅनेजर सीपीसी ही परीक्षा आहे. क्लासची फी भरण्याआधी आपण कुठल्या सीपीसीसाठी पैसे देतोय ते लेखी विचारून घ्या.

परीक्षेला बसायला पदवी लागत नाही, ट्रक चालवण्याचं लायसन्सही लागत नाही. भारतातल्या अनुभवामुळे कुठल्याही पेपरात सूट मिळत नाही. अनुभव उपयोगी पडतो तो अभ्यासात आणि पुढे नोकरीत. दोन पेपर असतात. परीक्षा घेणाऱ्या मंडळांपैकी ओसीआर बोर्डाचा पहिला पेपर दोन तासांत ६० बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा सव्वादोन तासांचा केस स्टडीचा. एक पेपर गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. अभ्यासाचे आठ विभाग आहेत: दिवाणी कायदा, व्यापारी कायदा, कामगारांविषयीचे कायदे, कर, धंद्याचं आर्थिक व्यवस्थापन, वाहतुकीच्या बाजारात शिरण्याचे नियम, गाडीची तांत्रिक बाजू आणि रस्त्यावरची सुरक्षा.

बहुतेक लोक अडकतात ते केस स्टडीत. एक काल्पनिक कंपनी देतात, तिच्या गाड्या, गिऱ्हाइकं, खर्च देतात, आणि विचारतात की हे काम कसं बसवाल, भाडं किती सांगाल. पाठांतराने इथे काही होत नाही. ड्रायव्हरच्या तासांचे नियम बोटांवर हवेत, म्हणून तेवढे इथेच सांगतो.

दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा १० चालतं. आठवड्याला जास्तीत जास्त ५६ तास आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती. रोजची सलग विश्रांती ११ तास, दोन साप्ताहिक विश्रांतींच्या दरम्यान तीनदा ती ९ वर आणता येते. साप्ताहिक विश्रांती ४५ तासांची.

आता एक दिवस मांडून बघू. ड्रायव्हर सकाळी ६ ला कामावर आला. पंधरा मिनिटं गाडीची तपासणी. ६:१५ ते १०:४५ ड्रायव्हिंग. ११:३० पर्यंत विश्रांती. मग ४:०० पर्यंत पुन्हा साडेचार तास. नऊ तास संपले. गाडी लावून, कागद देऊन तो ४:१५ ला सुटला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ३:१५ च्या आधी त्याला पूर्ण विश्रांती घेऊन बोलावता येत नाही. सरासरी ताशी ७० किलोमीटर धरले तर त्या दिवसात गाडी ६३० किलोमीटर गेली. गिऱ्हाईक ६६० किलोमीटरवर असेल तर तो माल आज पोचायला १० तासांचा दिवस वापरावा लागेल, आणि पहिल्या नऊ तासांनंतर आणखी ४५ मिनिटं थांबून मगच उरलेलं अंतर जाता येईल. आपल्याकडे 'रातोरात पोचवतो' म्हणून शब्द देतात, तो इथे तोंडातून निघता कामा नये.

या नियमात एक खाच आहे, आणि परीक्षेत ती अनेकदा विचारतात. ४५ मिनिटांची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते, पण आधी किमान १५ आणि नंतर किमान ३० मिनिटांची. आधी ३० घेऊन नंतर १५ घेतली तर बेरीज ४५ झाली तरी नियम मोडला. ड्रायव्हर बिचारा म्हणतो, मी तर पाऊण तास थांबलो होतो. त्याला हे आधी समजावून सांगणं आपलं काम.

भाड्याच्या गणितासाठी खर्चाचे दोन ढीग करायची सवय लावा. गाडी उभी असली तरी लागणारा खर्च एकीकडे: हप्ता, विमा, पगार, जागा. गाडी धावली की लागणारा दुसरीकडे: डिझेल, टायर, दुरुस्ती. पहिला वर्षातल्या कामाच्या दिवसांनी भागायचा, दुसरा किलोमीटरने. पुण्या-मुंबईच्या फेऱ्यांचा हिशेब ज्याने तोंडी केलाय त्याला हे अवघड नाही. फक्त प्रत्येक पायरी कागदावर दाखवा, मधल्या पायऱ्यांनाही गुण असतात.

तिसरी पायरी: नाव नोंदवणं

प्रमाणपत्र हातात आलं म्हणून तुम्ही ट्रान्सपोर्ट मॅनेजर झालात असं नाही. कंपनीने तुमचं नाव सुचवायचं, तुम्ही टीएम-१ अर्ज भरायचा आणि कमिशनरनी मान्य करायचं. अर्जात सांगावं लागतं की आठवड्याला किती तास देणार, कुठल्या दिवशी, दुसरी नोकरी आहे का, आणखी कुठल्या कंपनीसाठी नाव दिलंय, पूर्वी शिक्षा किंवा दंड झाला होता का. भारतातलं काही असेल तर तेही लपवू नका. मूळ गोष्टीपेक्षा ती लपवणं जास्त महागात पडतं.

कायद्यातला शब्द आहे 'गुड रेप्युट'. आपण त्याला लौकिक म्हणू. लायसन्स देताना आणि नंतरही कायम तपासतात की या माणसाचा लौकिक चांगला आहे का आणि तो वाहतुकीचं 'परिणामकारक आणि सतत' व्यवस्थापन करतो का. हे दोन शब्द पाठ करून ठेवा. महिन्यातून एकदा येऊन फायलींवर सह्या करणारा माणूस यात बसत नाही.

मॅनेजर दोन प्रकारचे. कंपनीचा नोकर, मालक किंवा संचालक असेल तर अंतर्गत. कंत्राटावर बाहेरून येत असेल तर बाह्य. बाह्य मॅनेजरला जास्तीत जास्त चार कंपन्या आणि सगळ्या मिळून ५० गाड्या एवढीच मर्यादा आहे, आणि कमिशनर त्याहून कमीही ठरवू शकतात. वेळेचा अंदाजही त्यांच्या मार्गदर्शक दस्तऐवजात आहे: दोन गाड्यांपर्यंत आठवड्याला २ ते ४ तास, ३ ते ५ गाड्यांना ४ ते ८, ६ ते १० गाड्यांना ८ ते १२, आणि तीसच्या पुढे पूर्ण वेळ. ट्रेलर असतील तर आणखी.

इथे मला सगळ्यात कळकळीने जे सांगायचंय ते येतं. सीपीसी पास झाल्याची बातमी पसरली की फोन येतात. मलाही आला होता, ओळखीतल्याच एका गृहस्थाचा. "दादा, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त सर्टिफिकेट लावायचंय. महिन्याला दोनशे पौंड घरबसल्या." नव्या देशात, पहिल्या नोकरीच्या शोधात, आपल्याच भाषेत कुणी असं म्हटलं की नाही म्हणायला जड जातं. नाही म्हणा. ज्या अंगणात तुम्ही पाऊल टाकलं नाही, जे ड्रायव्हर तुम्हाला ओळखत नाहीत, त्या गाड्यांच्या ब्रेकची जबाबदारी तुम्ही दोनशे पौंडांना घेताय. लौकिक गेला असं ठरलं की कमिशनरना तुम्हाला अपात्र ठरवावंच लागतं. मग एकट्या त्या कंपनीचं नाही, सगळीकडचं काम थांबतं.

कुठल्याही कंपनीसाठी अर्जावर सही करण्याआधी तीन गोष्टी स्वतः जाऊन बघा: गाड्या रात्री उभ्या राहतात ती जागा, देखभालीच्या फायली आणि मागच्या महिन्याचे टॅकोग्राफचे (ड्रायव्हिंगचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणाऱ्या गाडीतल्या यंत्राचे) अहवाल. मालक दाखवायला कुरकुरला तर तेच तुमचं उत्तर समजा. शिवाय लेखी करारात एवढं तरी असू द्या: तुमचे तास, फायली आणि संगणकावर तुमचा प्रवेश, आणि नादुरुस्त गाडी थांबवण्याचा तुमचा अधिकार. हा शेवटचा अधिकार नसेल तर बाकीच्या दोनांना अर्थ नाही.

कंपनीच नवी असेल आणि लायसन्सचा अर्जही तुम्हीच भरत असाल, तर पैशाची बाजू आधी पक्की करा. स्टँडर्ड लायसन्सला पहिल्या ट्रकसाठी ८,००० पौंड आणि पुढच्या प्रत्येक ट्रकसाठी ४,५०० पौंड दाखवावे लागतात. तीन गाड्यांना १७,०००. नव्या अर्जदाराच्या खात्यावरची २८ दिवसांची सरासरी बघतात, त्यामुळे आदल्या दिवशी मित्राकडून घेऊन भरलेली रक्कम उपयोगाची नाही. अर्जाची फी २५७ पौंड आणि मंजूर झाल्यावर ४०१. अर्जाच्या आधी किंवा नंतरच्या २१ दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि तिच्यातल्या छोट्या चुकीनेही अर्ज अडकतो. हे आकडे बदलू शकतात, भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर ताडून घ्या.

चौथी पायरी: पहिला महिना

कामावर गेल्यावर पहिल्या सोमवारी ऑफिसात बसू नका. ड्रायव्हर गाडी बाहेर काढतो त्या वेळी अंगणात उभे राहा. गाडीभोवती फिरून टायर, दिवे, आरसे, गळती, चाकांचे नट बघण्याला इथे 'वॉकअराउंड चेक' म्हणतात आणि ते रोज करावंच लागतं. दोन मिनिटांत फॉर्मवर बरोबरच्या खुणा झालेल्या दिसल्या तर समजा की गाडी कुणी बघितलेली नाही. दोष सापडला नाही तरी 'दोष नाही' असं लिहून घेणं चांगलं. सापडला असेल तर कुणी, केव्हा, काय दुरुस्त केलं ते त्याच कागदावर यायला हवं.

मग देखभाल. ठरावीक आठवड्यांनी गाडीची सुरक्षा तपासणी होते. सहा ते आठ आठवड्यांचं अंतर बऱ्याच ठिकाणी असतं, आणि बारा वर्षांहून जुन्या गाडीला सहाच्या पुढे जाऊ नये. वर्षभराचं वेळापत्रक भिंतीवर लावा, निदान सहा महिन्यांचं तरी. प्रत्येक तपासणीत ब्रेक मोजले गेलेत का बघा, शक्यतो भरलेल्या गाडीवर, रोलरवर. रिकाम्या गाडीचे ब्रेक मशीनवर छान दिसतात. सगळे कागद १५ महिने ठेवायचे.

ब्रेकवर मी इतका अडून बसतो त्याला कारण आहे. ९ फेब्रुवारी २०१५ ला बाथ शहरात एका उतारावर टिपरचे ब्रेक निकामी झाले आणि चार माणसं गेली. त्यांत चार वर्षांची मुलगी होती. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये गाडीचा मालक आणि मेकॅनिक यांना मनुष्यवधासाठी दोषी धरलं. त्यांना साडेसात वर्षं आणि सव्वापाच वर्षं तुरुंगवास झाला. चालक निर्दोष सुटला. आपल्याकडे अपघात झाला की पहिला हात ड्रायव्हरच्या कॉलरला जातो. या खटल्यात कोर्टाने गॅरेजमध्ये आणि ऑफिसात बघितलं.

टॅकोग्राफचा डेटा ड्रायव्हरच्या कार्डावरून जास्तीत जास्त २८ दिवसांनी आणि गाडीतल्या यंत्रावरून ९० दिवसांनी उतरवायचा असतो. उतरवून ठेवणं सोपं. पुढचं काम अवघड: उल्लंघनाचा अहवाल ड्रायव्हरसमोर ठेवून, त्याचं म्हणणं ऐकून, दोघांच्या सह्या घेणं. तोच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा विश्रांती चुकवत असेल तर आधी तुमचं फेऱ्यांचं नियोजन तपासा. बरेचदा चूक तिथेच असते. दिलेल्या वेळात ते काम बसतच नसतं आणि ड्रायव्हर नोकरीच्या भीतीने बोलत नाही. आपल्याकडून आलेल्या मॅनेजरला ही भीती चटकन ओळखता येते, आणि आपण ती ओळखली पाहिजे.

बोलावणं आलं तर

डीव्हीएसए प्रत्येक कंपनीला जोखमीचे गुण देते आणि त्यांवरून रंग ठरतो: हिरवा, पिवळा, लाल. लाल असेल तर रस्त्यावर गाडी जास्त वेळा थांबवतात. गंभीर दोष सापडला की गाडी जागेवर रोखतात. असं वारंवार झालं तर ट्रॅफिक कमिशनर 'पब्लिक इन्क्वायरी' बोलावतात. ती उघड सुनावणी असते आणि ट्रान्सपोर्ट मॅनेजरला स्वतंत्र पत्र येतं. तारखेआधी कागद पाठवायचे असतात, तेव्हा पत्र आल्याच्या दिवशीच कामाला लागा. कंपनीचा वकील तुमचाही असेलच असं गृहीत धरू नका. मालकाचं आणि तुमचं हित तिथे वेगळं होऊ शकतं. निर्णय मान्य नसेल तर अपर ट्रिब्युनलकडे अपील करता येतं.

अशा वेळी उपयोगी पडतात ते तुम्ही पाठवलेले ईमेल. 'या गाडीचा ब्रेक अहवाल आलेला नाही, तो येईपर्यंत गाडी काढू नये' असं तारखेसह लिहिलेलं असेल तर तुम्ही काम करत होतात हे दिसतं. मालकाला चहा पिताना सांगितलेलं कुठेच दिसत नाही. मला स्वतःला हे उशिरा कळलं. पहिल्या नोकरीत मी सगळं तोंडी सांगायचो, कारण मालकाला लेखी पाठवणं उद्धटपणाचं वाटायचं. इथे त्यात उद्धटपणा नाही.

सोडताना

मालक ऐकतच नसेल तर एक वेळ येते की निघावं लागतं. राजीनामा फक्त मालकाला देऊन थांबू नका. नाव नोंदीत राहिलं तर कागदोपत्री तुम्हीच मॅनेजर असता. बदल २८ दिवसांत कळवण्याची जबाबदारी कंपनीची आहे, पण तिच्यावर विसंबू नका. कमिशनरच्या कार्यालयाला स्वतः लेखी कळवा की अमुक तारखेपासून मी या लायसन्सवर नाही. नवा माणूस मिळेपर्यंत कंपनीला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते, ती त्यांनी मागायची असते. 'नवा मिळेपर्यंत नाव राहू द्या ना' असं कुणी म्हणालं तर या मुदतीची आठवण करून द्या. दोन-तीन आठवड्यांनी नोंदीतून नाव गेलं का ते तपासा, आणि तुमच्या पत्राची पोच जपून ठेवा.